दारात गुरुजी, आत पियानो

गुरुजी, तुम्हाला लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते आहे. दोन आठवडे माझ्या कादंबरीचं एक प्रकरण तुमच्यापाशी अडून बसलं होतं. त्यात एक मास्तर एका घराच्या दारात येतो आणि आत टेपवर पियानो वाजत असतो. मास्तर तुम्हीच आहात. नाव बदललंय, गाव बदललंय, पण पानानं रंगलेले ओठ आणि बोलताना पट्टी टेबलावर आपटायची सवय तशीच ठेवली आहे. माझ्या संपादक बाई फोनवर म्हणाल्या, "नुसतं 'पियानो वाजत होता' असं लिहून कसं चालेल? कसला पियानो? वाचकाला तो ऐकू यायला हवा." तेव्हापासून मी कॉलेजातल्या नोकरीवरून नारायणगावच्या घरी आले की फोनला स्पीकर जोडायचे आणि दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या माणसांनी लिहिलेला पियानो ऐकत बसायचे.

सोपं नाही ते. काही रचना इतक्या वापरून झाल्यात की त्यांच्यात आता दुःख उरलेलंच नाही. एक तर लोक गाडी मागे घेताना वाजते. दुसरी कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीत आहे. मग मी मोठ्या, गडगडाटी रचना लावून बघितल्या. मास्तर दारात येतो आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात पियानोच्या पट्ट्यांवर कोसळतात, असं. ते वाचलं आणि मलाच लाज वाटली. इतक्या थाटानं दारात यावं एवढे मोठे तुम्ही नव्हतात. तुम्ही निरगुडसरहून मोपेडवर खोडदच्या शाळेत येणारे एक गुरुजी होतात आणि एका दुपारी माझ्या आईचं घराबाहेरचं आयुष्य बंद करून परत मोपेडवर बसून गेलात.

सातवीत तुम्ही 'मला आवडलेला आवाज' असा निबंध घातला होता. कुणी कोकीळ लिहिली, कुणी देवळातली घंटा. मी पियानो लिहिला. गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्यांच्या वसाहतीत आई एका इंजिनिअर साहेबांकडे स्वयंपाकाला जायची. शाळा सुटली की मी तिथे जायचे आणि साहेबांच्या बंगाली बाई मला शेजारी बसवून कॅसेट लावायच्या. "सुन, बायाँ हाथ चलता है, दायाँ हाथ बोलता है," असं म्हणत त्या स्वतःच्या मांडीवर बोटं चालवून दाखवायच्या. तेवढंच मी लिहिलं होतं. एक हात चालतो आणि दुसरा बोलतो.

तुम्ही वही घेऊन वर्गासमोर उभे राहिलात. "पियानो!" म्हणालात. "खोडदला पियानो! अरे, कुणी बघितलाय का रे? हिच्या बापानं कांद्याच्या चाळीत ठेवलाय वाटतं." वर्ग हसला. हसणं थांबायला लागलं की तुम्ही पुन्हा 'पियानो' म्हणायचात. मग लाल पेनानं तो शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे खोडलात आणि वर 'बासरी' लिहिलंत. "आपलं नाही ते लिहायचं नाही," म्हणालात. बासरी तरी मी कुठे ऐकली होती? पण मला तो निबंध बासरी घालून पुन्हा लिहायला लावलात, आणि मी लिहिला. माझ्या हातानं लिहिलेलं पहिलं खोटं तुम्ही सांगून लिहून घेतलंत, आणि त्याला दहापैकी नऊ दिलेत.

तिथेच थांबला असतात तर मी विसरले असते. पण मी हे कुठे ऐकलं, ते तुम्हाला हवं होतं. महिनाभरानं जनगणनेचे कागद घेऊन तुम्ही वसाहतीत आलात. मी बाईंच्या शेजारी सोफ्यावर बसले होते, आई आत फुलके लाटत होती. तुम्ही दारातूनच माझ्याकडे बघितलंत, बाईंना घरात किती माणसं ते विचारलंत, कागदावर लिहिलंत आणि गेलात. बाईंनी पाणी विचारलं तर "नको" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी होतात. दादांनी, माझ्या वडिलांनी, तुमच्यासाठी खाट टाकली. आईनं चहा केला आणि तो तुम्ही सावकाश प्यालात.

"पोरगी सायबाच्या सोफ्यावर बसती," तुम्ही म्हणालात. शाळेतली भाषा शाळेत ठेवून आला होतात. "बायकू तिथं भाकऱ्या थापती, आन पोरगी सोफ्यावर. उद्या तुमच्या घरात तिला जमिनीवर बसवंल का?"

"म्या बसवलं न्हाई तिला. बाईंनीच बसवलं," आई चुलीपासून म्हणाली.

"तुमाला न्हाई इचारलं, वहिनी." आणि मग दादांना, हलक्या आवाजात, "लोकं काय काय बोलत्यात, ते माज्या तोंडून कशाला ऐकताय? घरातल्या बाईमाणसानं परक्या घरात दिसभर राह्याचं, म्हंजे…"

ते वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत. पुरं केलं असतंत तर दादांना विचारता आलं असतं, कोण बोलतं, कधी बोललं. अर्धं सोडलंत, आणि उरलेलं अर्धं दादा मरेपर्यंत मनातल्या मनात पुरं करत राहिले. "गुरुजी सांगत्यात म्हंजे काई तरी आसंल," एवढंच ते म्हणाले. आईचं वसाहतीत जाणं त्या दिवशी संपलं. बाई एकदा चालत आमच्या आळीत आल्या होत्या. आईनं दार अर्धंच उघडलं आणि "जमायचं न्हाई आता, बाई," म्हणून लावून घेतलं. मग ती टोमॅटो तोडायला जाऊ लागली. त्या घरात आई खुर्चीवर बसून चहा प्यायची, गुरुजी. बाई तिला नावानं हाक मारायच्या. आमच्या घरात तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा दशक्रियेला बोलायला या म्हणून मला निरगुडसरहून फोन आला होता. सरांची लेखिका विद्यार्थिनी म्हणून. मी ताप आहे असं सांगितलं. ताप नव्हता. मी त्या दिवशी घरी बसून शेंगदाण्याची चटणी केली आणि तुमचा विचार यायला लागला की पाट्यावर वरवंटा जोरात घासला.

परवा संगीत काही ठरेना, तेव्हा मी स्पीकर आईसमोर नेऊन ठेवला. ती मेथी निवडत होती. मी एकेक रचना लावत गेले.

"ही न्हाई. ही लई पळती."

पुढची लावली. "ही रडकी हाय. बाई अशी रडकी लावत नव्हत्या."

सातवी-आठवी असेल. संथ होती. डावा हात एकाच जागी झुलत होता आणि उजवा मधेच थांबायचा, पुढचं सांगावं की नको अशा विचारात पडल्यासारखा. आईचा हात मेथीत तसाच राहिला.

"हीच," ती म्हणाली. "तुजं गुरुजी आलं, तवा हीच चालली व्हती. म्या तवा फुलकं लाटत व्हते."

"नक्की?"

"म्या करपवला न्हवं का एक फुलका. ध्यानात न्हाई ऱ्हायचं व्हय?"

काल मी प्रकरण पुरं केलं. तीच रचना घातली. मऊ, अंगाईसारखी. मास्तर दारात येतो, ती ऐकतो, तोंड वाकडं करतो आणि तिच्या मधोमध कर्कश आवाजात हाक मारतो. रचना तुटते. संपादक बाईंना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, हा माणूस कसा आहे ते एका हाकेत कळलं.

खऱ्या त्या दिवशी आई आत होती, तिला दार दिसत नव्हतं. बाईंची दाराकडे पाठ होती. मी मान वळवली होती, मला दाराच्या जाळीतून दिसत होतं. तुम्ही चपला काढल्या होत्यात. कागद छातीशी धरून उभे होतात, मान थोडी खाली घालून, आणि शेवटचा स्वर विरेपर्यंत तुम्ही हाक मारली नाहीत. त्यानंतरही थोडा वेळ नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कादंबरीत तुम्ही मधेच ओरडता, आणि ते मी बदलणार नाही.