सुकमतीच्या आजीचा चेहरा

४ ऑगस्ट
आज सुकमतीनं माझी फाईल उघडली. बाजूच्याच टेबलावर रंग भरते ती, बस्तरची पोट्टी, दोन वर्षांपासून सोबत. आमच्या अ‍ॅनिमेशन पिक्चरमध्ये इंग्रज देशात कधी आलेच नाहीत. उडणारा नायक राजाचं राज्य सांभाळतो. वैरी म्हणजे राजाले न मानणारे जंगलातले लोक. डायरेक्टर सर म्हणाले होते, चेहरे खरे वाटले पाहिजे, कपाळावर गोंदण पाहिजे. मी त्यांच्या म्होरकीले सुकमतीच्या आजीचा चेहरा दिला. फोटो तिनंच कौतुकानं पाठवला होता. वापरू का, असं मी तिले विचारलं नाही.
सुकमती स्क्रीनजवळ वाकली. मग हळूच, "दीदी, ये मेरी दादी है क्या?"
नाही म्हटलं मी. फाईल बंद केली.

११ ऑगस्ट
टीझर आला. ऑफिसात सगळ्यांनी मिळून पाहिला. शेवटी नायक वस्ती जाळतो, म्होरकी ज्वाळांत उभी. टाळ्या. सु. उठून गेली. मीपण टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडेच पाहत होते.

१३ ऑगस्ट
सु. कामावर नाही. दुपारी टीझर पाहून चिडलेले चार जण गेटवर, चेहरे कोणी काढले विचारत होते. सरांनी चौकीदाराले सांगितलं, नाव सांगू नको. पण टीझरच्या शेवटी आहेच की माझं नाव, आडनावासकट. अनोळखी नंबरवरून तीन फोन. उचलले नाही. हे म्हणतात, नाव काढून घे, माझी सरकारी नोकरी आहे. ह्या तात्यापारा मोहल्ल्यात जन्म गेला, आज पहिल्यांदा दिवसाढवळ्या खिडक्या लावून बसली.

१६ ऑगस्ट
बुढापाऱ्यात सु.च्या भाड्याच्या खोलीवर गेली. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं. तिनं बसवलं, पाणी दिलं. त्यानं जास्तच भीती वाटली. कबूल केलं सगळं. तिले पहिल्या दिवशीच समजलं होतं. गावात कोणीतरी आजीले फोनवर नुसता चेहरा दाखवला, आग नाही. म्हातारी खूश. नातीनं मले पिक्चरमध्ये घेतलं, असं गावभर सांगून राहिली.
"दादी पूछ रही है, मैं उसमें करती क्या हूँ. आप ही बता दीजिए. मुझसे नहीं होगा."

१८ ऑगस्ट
सरांले भेटली. चेहरा बदलू द्या म्हटलं. ते म्हणे, कल्पनेतला इतिहास आहे, कोणाले लागायचं काही कारण नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, इतिहास आपल्याच मनानं लिहून राहिलो, तर त्यातही ह्यांनाच काहून जाळायचं?"
चिडले नाही. उठून दार लावलं. "मैडम, ये बाहर मत बोलिएगा. लोग पूछेंगे, आप किसकी तरफ़ हैं."
चेहरा बदलायचं हो नाही, ना नाही.

२१ ऑगस्ट
सु.चा मेसेज. आजी पहाटेच्या बसनं निघाली. मलेच भेटायले. हे म्हणतात, चार दिवस नागपूरले बहिणीकडे जा. बॅगही ह्यांनीच काढून ठेवली.
आजी फक्त गोंडी बोलते, मले गोंडी येत नाही. सु. म्हणते, मी शब्द न् शब्द सांगीन, पण सुरुवात तुम्ही करायची. कुठून करू? आधी माफी, की आधी टीझर…
दीड वाजता सु.चा फोन. बस पोचली. मागून म्हातारीचा आवाज, हसून काहीतरी विचारत होती. येते म्हटलं.
पावणेदोन. अजून घरातच.