चपला डभोईतच राहिल्या

कारेलीबाग, बडोदे

ती. आईस,
आम्हा दोघांचा नमस्कार, आणि नव्या गाडीचाही.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. विजेची गाडी झकास पळते. तिच्या पडद्यावर इंटरनेटही लागतं, पण गाडी उभी असेल तरच. तेव्हा काळजी नको.

रविवारी डभोईला चार्जिंगसाठी थांबलो होतो. कांचनने पडद्यावर आपल्या ग्रामदेवीची साइट उघडली, तर पालखी थेट समोर! "अहो, चपला!" ती ओरडली. दोघांनी चपला दाराबाहेर काढल्या, सीटवर मांडी घालून हात जोडले. आरती झाली, गाडी चार्ज झाली, निघालो. सोसायटीत उतरताना कळलं, पाय अनवाणी! शेजारचे हार्दिकभाई हसून म्हणाले, "चंपल गयां? तो तो मंदिर साचुं!" म्हणजे, चपला गेल्या, तर देऊळ खरंच!

देवळाबाहेरून चपला गेल्या की पीडा जाते, असं तूच म्हणतेस ना? मग तुझ्या गुडघ्याची जावो. पालखीमागे तू दिसलीस, आई. हातात काठी होती. तुझ्या पत्रात तिच्याबद्दल एक अक्षर नाही.

शनिवारी येतोय. काठी लपवू नकोस.

तुझा अनवाणी,
अविनाश