कागदाआडचं बोलणं

लालबाग,
९ ऑक्टोबर २०२४

चि. नलू हिस,
दगडूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. लालबागहून गिरगावात टॅक्सी अर्ध्या तासात पोचते आणि भाऊ पोस्टाने पत्र पाठवतोय! पण फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत नाही. मी नुसता हं हं करतो, तू वैतागून ठेवून देतेस. त्यापेक्षा हे बरं. मास्तरीणबाईंनी शुद्धलेखन तपासू नये म्हणजे झालं.

सुंदराचं वर्षश्राद्ध उरकलं. भटजी येईपर्यंत दार उघडंच ठेवून बसलो होतो. ते गेल्यावर लावून घेतलं. तू येणार म्हणाली होतीस, मी वाट बघितली. राग नाही, तुझे गुडघे मला ठाऊक आहेत. फक्त त्या दिवशी घरात कुणीतरी असतं तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने कुणाचा तरी डबा आणून दिला, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. काय म्हणाला कोण जाणे, तोंडात तंबाखूचा बार भरलेला, ओठ हलतील तर शपथ. सोसायटीतल्या कुणीतरी आठवण ठेवली म्हणायची.

वैभवने मस्कतला परत जाण्याआधी, गणपतीतच, माझ्या कानांची तपासणी केली. घरीच, मोबाईलवर. माझ्या कानात इयरफोनची बोंडं घातली, समोर बसला, ऐकू आलं की मान हलव म्हणाला. मी हलवली. निकाल चांगला लागला, किरकोळ दोष आहे म्हणे. मग कुरिअरने मशीनं आली, ती त्याने तिकडून फोनवरच जुळवली. नलू, नाकापेक्षा मोती जड! मान वळवली की शिट्टी वाजते. वाटी ठेवली की कानात सुरी खुपसल्यासारखं होतं, आणि माणूस मात्र पहिल्यासारखाच मुका. डबीत घालून कपाटात ठेवली आहेत. वैभवला मस्त चालतात म्हणून सांगितलंय. तूही तेच सांग, पोराने हौसेने पाठवली आहेत.

एक ठरवलंय. खाली मंडळाच्या बाकावर जायचं नाही. परवा बाबल्या काहीतरी सांगत होता, त्याच्या मागून ऊन येत होतं, तोंड काळं दिसत होतं. मला वाटलं नेहमीची थट्टा, मी मोठ्याने हसलो. तो सांगत होता बायकोला आयसीयूत ठेवल्याचं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. आता कुठल्या तोंडाने जाऊ? वय झालं, घरी बसावं हे उत्तम.

गुडघ्यांना जप. लोभ आहे तेवढा पुरे, आणखी मागायला मी येत नाही.

तुझा,
दादा

* * *

गिरगाव,
१८ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण आज त्यावर बोलत नाही.

दादा, मी आले होते. वहिनीच्या श्राद्धाला मी येणार नाही, असं तुला वाटलं तरी कसं? निघायला उशीर झाला, दुपार टळली. तुमच्या त्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर उभी राहून बेल वाजवली. मग दार वाजवलं, हाका मारल्या. समोरच्या ब्लॉकला कुलूप. चाळ असती तर चार दारं उघडली असती. आत तू भांडी घासत होतास. मला नळाचा आवाज येत होता, तुझं खोकणं येत होतं, आणि मी मात्र तुला ऐकू येत नव्हते. पाय भरून आले तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसले. शेवटी डबा वॉचमनकडे दिला आणि परत फिरले. त्या आंबोळ्या माझ्या होत्या रे. टॅक्सीत रडले. टॅक्सीवाल्याला वाटलं कुणी गेलं म्हणून, बिचारा मीटरकडे न बघता पाणी देत होता.

मी तेव्हाच लिहायला हवं होतं, पण मनात शंका आली की तू रागावून उघडलं नसशील. तुझ्या पत्राने ती गेली. आता काळजी उरली आहे.

आमच्या वाडीत आता कोण आहे? सीमाचं कुटुंब बोरिवलीला, कमलाबाई पुण्याला लेकाकडे. मला हक्काचं माणूस तू एकटा. तू बाक सोडलास, उद्या दार लावून घेतलंस, तर मी बेल वाजवायची कुणाची? तेव्हा वय झालं वगैरे मला सांगू नकोस.

चष्मा तू कुरिअरने मागवशील का? साधी चप्पल घेताना दुकानात चार पावलं चालून बघतोस, दुकानदाराचा जीव खातोस. आणि कान मात्र मोबाईलला दाखवलेस! माझी विद्यार्थिनी नम्रता दादरला कान तपासते, तेच शिकली आहे, त्यातच तिची वीस वर्षं गेली. तिच्याशी बोलले. दिवाळी झाली की तुला घेऊन जाणार आहे. मी खाली टॅक्सीत थांबेन आणि वॉचमनला वर पाठवेन, तो चांगला धक्के मारतो दाराला.

नाही म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हण. तोवर लोभ माझ्याकडेच ठेवून घेते.

तुझी,
नलू

* * *

लालबाग,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी परतताना टॅक्सीत मी तोंड उघडलं नाही, म्हणून तू हिरमुसलीस. राग नव्हता. तुला बाहेर बसवून आत जे झालं ते मला पचत नव्हतं. लिहून सांगतो.

तुझ्या नम्रताने आधी कानात बॅटरी मारून बघितलं. मळ कानाच्या डॉक्टरांनी काढला होता तरी पुन्हा बघितलं. मग काचेच्या खोलीत बसवलं. मी तिच्याकडे तोंड करून बसलो, तर तिने उठून खुर्ची भिंतीकडे वळवली. आवाज आला की बटण दाबायचं. मी बसलोय, बसलोय, आवाजच येईना. मला वाटलं यंत्र बिघडलं.

मग ती आत आली, माझ्यासमोर बसली, चार गोष्टी विचारल्या. मी पटापट उत्तरं दिली. तेव्हा तिने टेबलावरचा एक कागद उचलून आपल्या तोंडासमोर धरला. नलू, दिवा गेल्यासारखं झालं. डोळे दिसतायत, कागद हलतोय, आणि काही नाही. कागद खाली घेतला की पोरगी बोलतेय, वर धरला की नाही. तिने तीनदा केलं, हळूच, चिडवल्यासारखं नाही. मग विचारलं, आजोबा, कामाला कुठे होता?

मी सांगितलं, गिरणीत, साचेखात्यात. मागाला आम्ही साचा म्हणायचो. शेकडो माग एकदम धडधडायचे, तिथे कानाचा उपयोग कुणाला? आम्ही ओठांवर बोलायचो. डोक्यावर हात ठेवला की साहेब आला, पोटावर ठेवला की जेवायची सुट्टी. तिने मान डोलावली. म्हणाली, तिथेच तुमचे कान गेले, आणि तिथेच डोळे इतके तयार झाले की कुणाला पत्ता लागला नाही. वैभवच्या तपासणीचंही तिने विचारून घेतलं. आवाज सुटला की मोबाईलवर खूण उमटायची आणि ती बघून आमच्या वैभवची भुवई उडायची. मी भुवईला मान हलवत होतो. फसवायचं मनात नव्हतं, अंगवळणीच पडलंय ते. पोराने प्रेमाने केलं, मी प्रेमाने पास झालो, आणि मशीनं आली दुसऱ्याच कुणाच्या कानाची.

मग तिने विचारलं, घरी कुणाशी बोलता?

सुंदराही गिरणीत होती, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, ओठांचं बोलणं तिलाही येत होतं. ती होती तोवर मला कधी वाटलं नाही की मी बहिरा आहे. ती गेली आणि महिन्याभरात माझे कान गेले असं मी सगळ्यांना सांगत होतो, धक्क्याने गेले म्हणून. नलू, ते आधीच गेले होते. मी नम्रतासमोर बसून विचार करत होतो की बायकोचा आवाज मी शेवटचा कधी ऐकला. आठवेना. तिचा आवाज कसा होता, तेही आठवेना.

आता तू सांग. खरं सांग, माझ्या मनासारखं नको.

दोन्ही कानांत मेणासारखं काहीतरी भरून नम्रताने साचा घेतला आहे. साच्यांनी कान नेले, आता कानाला साचा! पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. जाणार आहे.

या वेळी लोभ मागतो.

तुझा,
दादा

* * *

गिरगाव,
३ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खरं विचारलंस म्हणून लिहिते.

वहिनीचा आवाज जाडा होता. थोडा घोगरा, पण गोड. हसली की शेवटी एक बारीक शिट्टीसारखा सूर निघायचा. तू पाळीवर गेलास की ती भाकऱ्या थापताना जोरजोरात गायची, शेजारच्या रमाबाई भिंतीवर थाप मारून दाद द्यायच्या. तू आलास की गाणं बंद. मला वाटायचं लाजते. पण तुझ्याशी बोलतानाही तिचे नुसते ओठ हलायचे, आवाज नसायचाच.

एकदा मी विचारलंच. म्हणाली, सुरुवातीला मोठ्याने बोलायची, तर तुला वाटायचं ती भांडतेय. आणि चाळीत भिंती पुठ्ठ्याच्या, नवरा-बायकोचं बोलणं लोकांनी कशाला ऐकायचं. शिवाय, ती म्हणाली, असं बोललं की त्यांना माझ्याकडे बघावंच लागतं. हे सांगताना ती केवढी खूष होती!

म्हणजे तिला ठाऊक होतं दादा. तिने कुणाला कळू दिलं नाही, तुलासुद्धा. तू याचं वाईट वाटून घेशील. घे. मलाही वाटतंय. पण नम्रताने बोलावलं की जायचं चुकवू नकोस, मशीन मिळालं म्हणजे काम संपलं असं ती मानत नाही.

लोभ तर जन्मापासून आहे, त्याची पोच देते.

तुझी,
नलू

* * *

लालबाग,
१७ जानेवारी २०२५

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद आणि संक्रांतीचा तिळगूळ. गोड बोल, आणि मोठ्याने बोलायची गरज नाही.

मशीनं घालून महिना उलटला. नम्रताने चार वेळा बोलावलं. पहिल्यांदा आवाज मुद्दामच थोडा ठेवला होता. तुमच्या डोक्याला ऐकायची सवय मोडली आहे, हळूहळू घेऊ, म्हणाली. डावीकडचं टोचत होतं तर समोर बसून घासून दिलं, पुन्हा घातलं, पुन्हा घासलं. कानात बारीक नळी सोडून आत आवाज किती पोचतो तेही मोजलं. वाट्यांचा खणखणाट सांगितला तर दुसऱ्या खेपेला तिने वाट्या आणि चमचा घेऊनच बसवलं. भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला, गाड्यांच्या गोंगाटात, अजून काही समजत नाही. तिने आधीच सांगितलं होतं की सगळं परत येणार नाही. खोटी आशा लावली नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसला.

वैभवलाही खरं कळवलं. फोनवर. तो बराच वेळ गप्प होता, आणि तो गप्प आहे हे मला ऐकू आलं. पुढच्या सुट्टीत नम्रताला भेटायचं म्हणतो.

बाकावर गेलो. बाबल्याची बायको घरी आली आहे, तिला भेटायला वर गेलो, माझ्या त्या हसण्याचं सांगून माफी मागितली. ती म्हणाली, हसलात ते बरं केलंत, बाकीचे सगळे मला पोचवून बसले होते.

पण एक सांगतो, हे फक्त तुला. पहिल्या दिवशी मशीनं घालून घरी आलो, खुर्चीत बसलो आणि वाट बघत राहिलो. फ्रीज घुरघुरत होता. लिफ्टचं दार कुठेतरी लागलं. बस. इतके महिने मी समजत होतो की मला ऐकू येत नाही म्हणून घर गप्प आहे. आता ऐकू येतं, आणि घर गप्पच आहे.

तेव्हा तू ये. चार दिवस राहायला ये, गुडघ्यांसकट. आणि आलीस की माझ्यासमोर बसून बोलू नकोस. स्वयंपाकघरात जा, माझ्याकडे पाठ कर, काय वाटेल ते बोल. मीठ कुठे ठेवलंय विचार, शिव्या घाल. सुंदराला एवढंसं सांगायचं झालं तरी गॅस बारीक करून, हात पुसून, माझ्यापुढे येऊन उभं राहावं लागायचं. मला वाटायचं, हिला बोलायची किती हौस. तिकडूनच बोल नलू, मी इथून ओ देतो.

लोभ घेऊनच ये.

तुझा,
दादा