जोडीतली दुसरी तार

आबा,

तुमचं मेंडोलिन गेल्या रविवारी माझ्या खोलीत आलं. धाकटी घेऊन आली, काष्टीहून, एसटीत मांडीवर धरून. तिच्या लग्नात तुम्ही ते तिला दिलंत. मी तेव्हा काही बोललो नाही, आणि आता तुम्ही जाऊनही इतकी वर्षं झाली. पण विसरलो असं समजू नका.

तुमच्या गायन पार्टीतली एक चाल मी घरीच रेकॉर्ड करतोय. एकेक वाद्य वेगळं वाजवायचं आणि कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. वरचा पत्रा तापला की तारा उतरतात, पंखा लावला तर माईक त्याचीच घरघर घेतो. म्हणून पंखा बंद, आणि दर टेकआधी सूर दाखवणाऱ्या ट्यूनरची सुई मधोमध आणायची. तीही तार खालून वर चढवत. एक वाद्य केसभर चुकलं तर बाकीची सगळी त्याच्याशी भांडतात.

धाकटीनं ट्यूनर बाजूला सारला. वाद्याला गाल लावला अन् दोन मिनिटांत चार जोड्यांतल्या आठही तारा लावल्या. मी सुईवर तपासलं, तर प्रत्येक जोडीतली दुसरी तार पहिलीशी जुळायच्या ऐवजी किंचित उतरती.

"चुकलंय," मी म्हणालो.

"चुकलं न्हाई, दादा. आबा असंच लावायचे. तुला न्हाई सांगितलं?"

नाही सांगितलं. मला लहानपणचं आपलं बेलापूरचं स्वयंपाकघर आठवलं. आई भाकरी थापतेय, तुम्ही मेंडोलिन घेऊन भिंतीला टेकून बसलात, धाकटी समोर डोळे मिटून. "आता कंची उतरली?" एक तार हळूच सैल करून तुम्ही विचारता. ती विचार करतेय तोवर मीच सांगून टाकतो, तिसऱ्या जोडीतली. "तुला इचारलं का? लई घाई हाय तुला. जा, पानी भर." उत्तर बरोबर होतं, आबा. तेवढं तरी म्हणायचं होतंत.

तिनं एका दमात वाजवलं आणि पाणी प्यायला आत गेली. मी ऐकलं. माझ्या तसल्याच मेंडोलिनवरचे दोन टेक एकावर एक ठेवले तरी सुतासारखे बारीक. तिचा एकच, आणि खोली भरून गेली.

"कसं आलंय रे?" तिनं आतूनच विचारलं.

"सेव्हच झालं नाही. पुढच्या रविवारी परत यावं लागेल."

"एवढी मशिनं मांडून बसलास, अन् हे!" ती हसली, चहा पिऊन मेंडोलिनसकट एसटी गाठायला निघाली.

टेक शाबूत आहे. आठवडाभर तोच ऐकतोय. तिची दुसरी तार किती उतरती आहे ते मोजून माझं मेंडोलिन तसंच लावलं. आकडा तोच, पण तो आवाज येत नाही. म्हणजे सुईवर न दिसणारं अजून काहीतरी तुम्ही तिला देऊन गेलात. धाकट्या बहिणीला विचारणं माझ्याच्यानं होणार नाही. रविवारी ती तारा लावायला बसेल, तेव्हा माईक सरकवायच्या निमित्तानं मी तिच्या अगदी जवळ बसणार आहे. खोटं त्यासाठीच बोललो.