सूर्य फुगायच्या आधी

माझी भित्री भागूबाई,

तू गेल्यावर आज पहिल्यांदाच तारांगणात कामावर गेलो. कार्यक्रमाच्या शेवटी सूर्य म्हातारा होतो, लाल होऊन फुगत फुगत पृथ्वीपर्यंत येतो. तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून तू माझी बाही घट्ट धरायचीस. "बाबा, थांबव ना." मी बटण दाबून दिवे लावायचो. साहेब वैतागायचे, "पृथ्वी वाचवायचा मक्ता घेतलाय का तुम्ही?"

घरी येताना तू विचारायचीस, "खरंच होणार हे?"

"पाच अब्ज वर्षं आहेत अजून, वेडाबाई. तोवर तू पणजी होऊन जाशील."

दवाखान्यातही तू माझी बाही तशीच धरली होतीस. तिथे सगळीकडे बटणंच बटणं होती, पण माझ्या हातात एकही नव्हतं.

आज मी सूर्य थांबवला नाही. कुणासाठी थांबवू? अख्खा घुमट लाल झाला आणि पृथ्वी त्यात गेली. मग दिवे लावून दार उघडलं. एक बाप रडणाऱ्या मुलीला कडेवर घेऊन समजावत होता, "अगं, त्याला अजून खूप वेळ आहे."

मी नुसतं दार धरून उभा राहिलो.

तुझा,
बाबा