झाकणावरचा पत्ता

१२ जानेवारी

आज रुजू झाले. विभागाचं नाव एवढं लांबलचक आहे की आईला फोनवर सांगताना मध्ये श्वास घ्यावा लागला: सार्वजनिक सुरक्षा, पर्यावरण आणि नागरी सेवा. आई म्हणाली, म्हणजे नेमकं करायचं काय? मी सांगितलं, गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला, कुत्रं चावलं, की लोक आमच्याकडे येणार. ती म्हणाली, मग सरळ तसं सांग ना. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझी बोलती बंद करणारी मात्र अजून तीच.

साहेब मऊ बोलणारे आहेत. खुर्ची स्वतः पुढे ओढून दिली. नगरपालिकेची क्वार्टरही मिळाली. दोन खोल्या, मागे न्हाणीघर आणि दारासमोरच गटाराच्या चेंबरचं लोखंडी झाकण. भिंतींना नुकताच चुना दिलाय. खिडकी उघडली की समोरच्या घरातलं बाळ हात हलवतं. मी खूश आहे. लोकांच्या उपयोगी पडायचं म्हणून तर एवढी शिकले.

१९ जानेवारी

सगळ्यात जास्त तक्रारी एकाच गोष्टीच्या. न्हाणीघराच्या जाळीतून वास येतो, आणि आतून कुणीतरी घटाघटा पाणी प्यायल्यासारखा आवाज. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, माणसं जातात हो, पण झाकणं सगळी एकसारखी, कुठलं कुणाचं काय कळणार? तासभर फिरतात आणि हात हलवत परत येतात. मला रागच आला. एवढंसं कारण, आणि लोक महिनोन्महिने नाक दाबून जगतात!

मग मीच पिवळ्या रंगाचा डबा आणला. तक्रार आली की त्या घरासमोरच्या झाकणावर घराचा नंबर काढायचा. दुपारभर उन्हात उकिडवी बसून रंगवत होते. मुकादम म्हणाला, पेंटरीणबाई, पदवी ह्याच्यासाठीच घेतली होती का? आता सगळं ऑफिस मला पेंटरीणबाईच म्हणतं. म्हणू देत.

२ फेब्रुवारी

माझी युक्ती लागू पडली! नंबर टाकलेल्या घरांतून पुन्हा एकही फोन नाही. तक्रारदार पुन्हा बोलला नाही की तक्रार निकाली, हा आमच्याकडचा नियम. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आता नंबर काढायचं काम मुकादमाच्या माणसांना दिलंय.

आई उद्या राहायला येतेय. तिला ऑफिसचा तक्रारीचा नंबर पाठ करायला लावलाय. म्हटलं, काही अडलं तर हक्काने फोन कर, उचलणारी तुझीच मुलगी आहे.

११ फेब्रुवारी

बारा नंबरात शिवणकाम करणारी एक बाई राहायची. रोज फोन करून मला झापायची. म्हणायची, तुम्ही खुर्च्या उबवता आणि आम्ही वास घेतो. तिचे फोन यायचे थांबले, त्याचं मला बरं वाटलं होतं. आज वाटलं, जाऊन विचारावं, आता समाधान आहे ना.

दार नुसतं लोटलेलं. मशीनवर अर्धी शिवलेली बाही, सुई कापडात रुतलेली. चहावर बुरशी. मशीनवरच्या रिळातून निघालेला लाल दोरा जमिनीवरून न्हाणीघरात गेला होता. जाळी उचकटून बाजूला पडलेली, आणि दोरा त्या भोकातून खाली. मी तो वर ओढला.

खालून कुणीतरी परत ओढला.

शेजारी म्हणाले, बाई गावी गेली असेल. पुढच्या नंबर टाकलेल्या घराबद्दल विचारलं, तेही गावी. त्याच्या पुढचंही. सगळी माणसं चहा अर्धा टाकून गावी कशी जातात?

१४ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, पोलिसांना बोलवा. त्यांनी दार लावलं, मला पाणी दिलं. जरासुद्धा लपवलं नाही, हेच मला सहन होत नाहीये.

म्हणाले, खाली गटारात काहीतरी आहे, त्यांच्या आधीच्या साहेबांपासून. पूर्वी ते कुठल्याही घरात वर यायचं. एकदा इथल्या हेडक्लार्कच्या घरात आलं. आता ते झाकणावरचा नंबर बघतं आणि तिथेच जातं. साहेब शांतपणे म्हणाले, “तुझ्यामुळे शिस्त लागली, बेटा. भूक तीच आहे, फक्त पत्ता आपण देतो.”

आणि पत्ता कुणाचा द्यायचा? जो तक्रार करतो त्याचा. बोलणारी तोंडं गेली की तक्रारीही गेल्या. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि त्या कुंपणाला रंग मी दिला. समोरच्या बाळाच्या घराचा नंबरही मीच काढला होता. गेले काही दिवस खिडकीत कुणी येत नाही. मला वाटलं होतं, आजारी असेल.

मी पेला भिंतीवर फेकला. ते म्हणाले, काच उचलून जा, कुणाच्या पायाला लागेल.

१६ फेब्रुवारी

घरी आले तर आमच्या दारासमोरच्या झाकणावर ओला पिवळा रंग. एकवीस. आमच्या क्वार्टरचा नंबर.

आईने सकाळी फोन केला होता. मी जागेवर नव्हते, मुकादमाने घेतला. आई मोठ्या कौतुकाने सांगत होती की किती आदराने बोलला तो, घराचा नंबर दोनदा विचारून घेतला. न्हाणीघरात वास येत होता म्हणे. तुला कशाला त्रास द्यायचा, रीतसरच तक्रार केली.

रॉकेलने घासलं. पोलादी घासणीने घासलं. नखांनी. रंग गेला.

१७ फेब्रुवारी

सकाळी एकवीस परत आलाय. ओला. आतल्या बाजूने घाम फुटावा तसा.

आईला घेऊन बसस्थानकावर गेले, दादाकडे पाठवायला. बसला वेळ होता म्हणून ती तिथल्या बाथरूममध्ये जाऊन आली. कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. म्हणाली, आत कुणीतरी विचारत होतं, एकवीसमध्ये तुम्हीच ना? मी हो म्हटलं. ओळखीचं असेल कुणी, नाही का?

परत आणलं. नंबर माणसाच्या मागे येतो. जिथे नेईन तिथे नळ आहे, मोरी आहे—

१८ फेब्रुवारी

साहेबांच्या पाया पडले. मी! ते म्हणाले, दिलेला पत्ता परत घेता येत नाही. बदलून देता येतो. मग म्हणाले, तुझ्या शेजारची म्हातारी एकटीच आहे.

असं म्हणाले. चहा ढवळत.

न्हाणीघराच्या जाळीवर पाटा ठेवलाय. त्यावर पाण्याचं पिंप. रात्री पिंप हललं. आईला वाटलं भूकंप, देवाचं नाव घेत बसली. मी तिला काही सांगितलेलं नाही. काय सांगू? तुझ्या शिकलेल्या मुलीनेच—

१९ फेब्रुवारी

रंग घेऊन साहेबांचा नंबर टाकायला निघाले होते. मुकादम हसला. म्हणाला, साहेबांच्या बंगल्याची सांडपाण्याची टाकी वेगळी आहे, ह्या लाइनला जोडलेलीच नाही. कुठल्याच बंगल्याची नाही.

अर्थातच नाही.

पण ऑफिस ह्याच लाइनवर आहे.

उद्या सुट्टी. शिपायाला, मुकादमाला कुणाला बोलावलेलं नाही. साहेब ऑफिसात एकटे येणार आहेत, त्यांना आदर्श विभागाचं बक्षीस मिळालंय, भाषण लिहायला मी हवीये. मी येते म्हटलं.

पिंप पडलं. पाटा सरकतोय. आई त्याच्यावर बसून भाजी निवडतेय, म्हणजे हलणार नाही म्हणते.

२० फेब्रुवारी

आमच्या दारासमोरच्या झाकणावर एकवीस खोडून ऑफिसच्या इमारतीचा नंबर टाकला. मोठ्ठा. अक्षर चांगलं आलंय.

मग ऑफिसातून आईला फोन. घरात आवाज थांबला. पाटा स्थिर. ती म्हणाली, जेवायला लवकर ये.

साहेब समोर बसलेत. मी लिहितेय म्हणजे भाषणच, असं त्यांना वाटतंय. लोकसेवा हा शब्द दोनदा घ्या म्हणाले. घेतला.

मागच्या मोरीत आवाज. घटाघटा. त्यांनीही ऐकला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ नाहीये. विचारतायत, इथून तक्रार कुणी केली?

मी केली म्हटलं. नाव, पत्ता, सगळं रीतसर.

ते दाराकडे धावले. कुलूप मीच लावलंय, किल्ली खिडकीतून खाली—

पाणी टेबलाखाली आलं. कोमट आहे. साहेब खुर्चीवर चढलेत आणि ओरडून माझाच पत्ता सांगतायत, एकवीस, एकवीस, ते ऐकतंय, पण मानत नाही, ते फक्त लिहिलेलंच मानतं. आता त्यांच्या पायाला लाल दोरा, माझ्याही घोट्याला काहीतरी, पण आई, तू जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस आणि कुणी आलं तर तक्रार करायची सोडू नका म्हणावं, फक्त झाकणावर नंबर कुणालाही