मीरदादचा पांढरा सदरा

काबूल, ३ सौर १३५० (एप्रिल १९७१)

ती. तोरपेकै आत्यास,
पलवशाचा सलाम वि. वि.

मी खुशाल आहे, पोटभर जेवते, लग्नाचं विचारू नकोस. काम वेगळंच आहे. आपल्या गावच्या जुन्या गझलांचं पुस्तक आमच्या छापखान्यात आलंय आणि कवी म्हणून नाव पडतंय मीरदादचं! या गझला आपल्या खापरपणजी खातोलच्या, तिच्या भावाच्या नव्हेत, हे तूच मला मांडीवर घेऊन सांगितलंस. मेंदीला बायका शेवटच्या ओळीत तिचंच नाव गातात. साहेब म्हणतात, बायकांचं गाणं हा पुरावा नव्हे, लेखी आणा. हाजी काकांनी तर मीरदादच्या बाजूने सहीशिक्क्याचं पत्र धाडलंय. पुढच्या महिन्यात मुखपृष्ठ छापतील. आत्या, एखादा कागद शोध ना. नाहीतर ही दीडशे वर्षांची चोरी माझ्याच हातून छापली जाईल.

लोभ आहेच, तो कागदासकट वाढावा.

तुझी पलवशा

अर्घंदाब, १४ सौर

चि. पलवशास अनेक आशीर्वाद.

कागद कुठला, बयो? खातोलला शाई कोण देणार होतं! तुझ्या काकाला विचारलं, तर म्हणतो, हुजऱ्यात, पुरुषांच्या त्या पाहुणखोलीत, परक्यांपुढे घरच्या बाईचं नाव कसं घ्यायचं? म्हणून वाडवडिलांनी त्या जागी भावाचं घातलं, आता तेच खरं. थोरला भाऊ आहे माझा, पण कधीकधी वाटतं, पागोट्याखाली डोकं नाहीच, नुसतं कापड आहे.

सध्या स्वारी तोंड लपवून आहे. मीरदादचा तो जुना सदरा, खातोलने भरलेला, पाहुण्यांपुढे मिरवायला काढला आणि स्वतःच त्यावर चहा सांडला. डाळिंबं फुललीत, कवींची बैठक आठवड्यावर आलीय, तिथे तो मांडायचा असतो. त्यामुळे सदरा पहिल्यांदाच धुवायला माझ्याकडे आलाय, वीस सूचनांसकट. तेवढं उरकते आणि पेट्या धुंडाळते. धीर सोडू नकोस.

तुझी आत्या

अर्घंदाब, २४ सौर

पलवशे, आशीर्वाद नंतर, आधी ऐक!

सदरा धुऊन काळ्या घोंगडीवर पसरला. पांढऱ्या कापडावर पांढरं रेशीम, कोरडं असताना नुसती वेलबुट्टी दिसायची. ओल्या कापडातून घोंगडीचा काळा रंग वर आला आणि छातीवरच्या वेलीची अक्षरं झाली. 

मग मी लबाडी केली. काका चार कवींना घेऊन सदरा न्यायला आला, तेव्हा सदरा ओलाच, घोंगडीसकट बाहेर धाडला आणि पडद्याआडून म्हटलं, भरतकामात काही लिहिलंय वाटतं, मला म्हातारीला दिसत नाही, तू शिकलेला, तूच वाच. त्याने ऐटीत चष्मा चढवला आणि खड्या आवाजात वाचलं, ‘सदरा मीरदादचा, शब्द खातोलचे. भावा, मला बैठकीत घेऊन जा.’ आपण काय बोललो, ते त्याला नंतर कळलं!

‘भावा’ म्हणून तिने त्यालाच विनवलंय, म्हणजे मीरदादला सगळं ठाऊक असणार. तो तिला छातीवर घेऊन बैठकीत जात होता, नाव पुसलं ते नंतरच्यांनी. मी ओढणीत तोंड घालून रडले. काकाने चष्मा काढून खिशात घातला. शेवटी सगळ्यांत म्हातारे कवी म्हणाले, हाजी, त्याने जिला मिरवलं तिचं नाव घ्यायला आपल्याला लाज कसली?

काल बैठकीत गझल झाली. खातोलचं नाव पहिल्यांदा काकानेच घेतलं. बाहेर पुरुष, आत आम्ही बायका, दोन्हीकडे एकच नाव! भिंतीअलीकडे आम्ही इतक्या जोरात गायलो की माझा घसा बसलाय. सोबत काकाचं नवं पत्र आहे, सहीशिक्क्याचं. साहेबांच्या टेबलावर जरा आपटूनच ठेव.

काकाने ईदेसाठी माझ्याकडून नवा सदरा भरून मागितलाय, पांढऱ्यावर पांढरा. त्याच्या छातीवर मी माझं नाव टाकलंय. धुवायला पडेपर्यंत त्याला पत्ता लागायचा नाही.

माया असू दे, आणि वेळेवर जेव.

तुझी आत्या
तोरपेकै